फूटी फायनलचा अंदाज: प्रकल्प नोंदी, २०२३

२८ ऑगस्ट, सोमवार

काल फूटीचे, म्हणजे ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलचे, साखळी सामने संपले. अठरा संघ, प्रत्येकी २३ सामने, एकूण २०७. गुणतालिकेत वरचे आठ असे: कॉलिंगवूड, ब्रिस्बेन, पोर्ट ॲडलेड, मेलबर्न, कार्लटन, सेंट किल्डा, जीडब्ल्यूएस (ग्रेटर वेस्टर्न सिडनी), सिडनी. अंतिम सामना ३० सप्टेंबरला इथे मेलबर्नमध्येच, एमसीजीवर (मेलबर्न क्रिकेट ग्राउंड).

ऑफिसात वर्षभर टिपिंग चालतं. दर आठवड्याला कोण जिंकणार ते लिहायचं, बरोबर आलं की एक गुण. मला ही पद्धत पहिल्यापासून खटकते. एखाद्याची खात्री जेमतेम एक्कावन्न टक्के असते, दुसऱ्याची पंच्याण्णव, आणि गुण दोघांना सारखेच. म्हणून यंदा स्वतःसाठी वेगळं काम घेतलंय. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री टक्क्यांतला एक आकडा लिहायचा, फाइल बंद करायची आणि नंतर तिला हात लावायचा नाही.

त्या आकड्याला गुण द्यायची रीत इथल्या मोनॅश विद्यापीठाच्या स्पर्धेतून घेतली. टक्क्यांत अंदाज बांधायची ही स्पर्धा तिथे १९९५ पासून चालू आहे. जो निकाल लागला त्याला तुम्ही जी शक्यता दिली होती, तिचा दोनच्या पायाचा लॉगॅरिदम घ्यायचा आणि त्यात एक मिळवायचा. पन्नास टक्के लिहिलेत तर काहीही झालं तरी शून्य. नव्वद लिहिलेत आणि बरोबर आलं तर ०.८५, चुकलात तर उणे २.३२. नव्व्याण्णव लिहून चुकलात तर उणे ५.६४, म्हणजे अख्ख्या हंगामाची कमाई एका दुपारी गेली. फुशारकीला इतकी नेमकी किंमत लावणारा नियम मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेला नाही.

रात्री नाशिकला फोन केला. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "टक्के कसले सांगतेस गं, जिंकणार कोण ते सांग." त्यांना म्हटलं, महिनाभर थांबा.

२ सप्टेंबर, शनिवार

या आठवड्यात सामने नाहीत. बाद फेरीआधी एक आठवडा सुट्टी द्यायची पद्धत २०१६ पासून आहे. सगळा दिवस माहिती धुण्यात गेला.

पाया एलोचा. बुद्धिबळातला तोच हिशेब: प्रत्येक संघाला एक मानांकन, जिंकला की वर, हरला की खाली, आणि तगड्या संघाला हरवलं तर जास्त वर. दोन संघांच्या मानांकनात ५० चा फरक असेल तर वरचा संघ जिंकण्याची शक्यता ५७ टक्के, १०० चा असेल तर ६४. मानांकनं स्थिरावावीत म्हणून १९९० पासूनचे सामने घेतले, पण पारख करायची ती २००० नंतरच्या सामन्यांवर. आठ संघांच्या बाद फेरीची आजची रचना तेव्हापासूनची आहे.

दुपारी दोनच्या सुमाराला एक विचित्र गोष्ट दिसली. १९९९ चा विजेता संघ माझ्या यादीत अगदी सरासरी मानांकनाचा येत होता. शोधत गेले तर संघांच्या नावांचा घोळ. नॉर्थ मेलबर्न १९९९ पासून २००७ पर्यंत नुसतं 'कांगारूज' म्हणून खेळायचं. माझ्या कोडने कांगारूज हा नवा संघ धरला आणि त्याला कोऱ्या पाटीवर १५०० देऊन बसवलं. १९९६ ला विजेतेपद मिळवलेल्या संघाची सगळी पुण्याई एका नावापायी गेली. फुटस्क्रे आणि वेस्टर्न बुलडॉग्जचं तेच. नावं जुळवणारी यादी हाताने लिहिली. यंत्राकडून करून घ्यायचा मोह आवरला, कारण फिट्झरॉयचं काय करायचं ते यंत्र ठरवू शकत नाही. तो मेलबर्नचा जुना क्लब १९९६ च्या अखेरीला ब्रिस्बेन बेअर्समध्ये विलीन झाला आणि त्यातून आजचा ब्रिस्बेन लायन्स उभा राहिला. मी लायन्सना बेअर्सचं मानांकन पुढे दिलं. मैदान आणि बहुतेक खेळाडू त्यांचेच होते.

४ सप्टेंबर, सोमवार

आजचा प्रश्न: घरचं मैदान म्हणजे नक्की काय?

माझ्या फाइलीत ज्या संघाचं नाव आधी तो यजमान. फूटीत हे साफ फसवं आहे. मेलबर्न शहरातले क्लब एमसीजी आणि मार्व्हल ही दोन मैदानं आपापसात वाटून घेतात, त्यामुळे कॉलिंगवूड आणि कार्लटन समोरासमोर आले की कागदावर यजमान कोणीही असला तरी दोघंही घरीच. यंदा एप्रिलमध्ये एक अख्खी फेरी साऊथ ऑस्ट्रेलियात झाली. ब्रिस्बेन आणि नॉर्थ मेलबर्न ॲडलेडजवळच्या माउंट बार्करला खेळले. तिथे ना याचं घर, ना त्याचं. माझं कोड मात्र अशा सामन्यांतही इमानेइतबारे यजमानाला गुण बहाल करत होतं.

तो सगळा भाग काढून टाकला. आता दोनच गोष्टी मोजते: संघ दुसऱ्या राज्यातून विमानाने आला का, आणि गेल्या दोन वर्षांत या मैदानावर किती खेळला. मैदानांची सवय ही खरी गोष्ट आहे, कारण इथली मैदानं एका मापाची नसतात. लंबगोल सगळीच, पण कुणी लांब, कुणी रुंद.

ब्रिस्बेनसाठी ही दुरुस्ती कडू आहे. आपल्या गॅबावर हा संघ यंदा एकही सामना हरलेला नाही. एमसीजीवर मात्र दोनदा हरला, हॉथॉर्नकडून २५ गुणांनी आणि मेलबर्नकडून एका गुणाने.

८ सप्टेंबर, शुक्रवार

काल रात्री पहिली मोठी लढत झाली. कॉलिंगवूड ९.६ (६०), मेलबर्न ७.११ (५३).

ज्यांना हे आकडे परके आहेत त्यांच्यासाठी: मधल्या दोन उंच खांबांतून पायाने मारलेला चेंडू गेला की गोल, सहा गुण. बाजूच्या आखूड खांबापर्यंतच्या पट्टीतून गेला की बिहाइंड, एक गुण. आधी गोल, मग बिहाइंड, कंसात बेरीज.

मेलबर्नने चेंडू गोलसमोरच्या ५० मीटरच्या कमानीच्या आत ६९ वेळा नेला, कॉलिंगवूडने ३७ वेळा. आणि जिंकलं कॉलिंगवूड. सामन्याच्या सुरुवातीलाच मेलबर्नच्या अँगस ब्रेशॉला डोक्याला मार लागून बाहेर नेलं, ते बघताना घरातलं बोलणंच थांबलं होतं. माझ्या मॉडेलात अशा घटनेला रकाना नाही आणि मी तो करणारही नाही.

एलोच्या हिशेबी कॉलिंगवूडचं मानांकन चढलं, कारण जिंकले. पण ६९ विरुद्ध ३७ पाहिलेल्या माणसाने ते कितपत मानावं? ही ठिणगी आज पडलीय, ती इथे लिहून ठेवते.

१० सप्टेंबर, रविवार

कार्लटनने सिडनीला सहा गुणांनी घालवलं, जीडब्ल्यूएसने सेंट किल्डाला २४ ने, ब्रिस्बेनने गॅबावर पोर्टला १२३–७५. मानांकनं अद्ययावत. बाकी विशेष नाही.

१६ सप्टेंबर, शनिवार

मेलबर्न बाहेर. काल रात्री कार्लटन ११.७ (७३), मेलबर्न ९.१७ (७१). शेवटच्या मिनिटात ब्लेक एकर्सचा गोल.

मेलबर्नच्या खात्यात २६ वेळा गुण, कार्लटनच्या १८ वेळा. आठवड्यापूर्वी कॉलिंगवूडविरुद्ध १८ विरुद्ध १५. दोन्ही सामन्यांत गुणांच्या संधी जास्त मिळवल्या आणि दोन्ही हरले. त्यांच्या चाहत्यांचे चेहरे सकाळी ट्राममध्ये दिसत होते, लाल-निळे मफलर गुंडाळून पिशवीत कोंबलेले.

आता दुसरं मॉडेल करायचंच. फूटीतला गुणफलक दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज आहे. संधी किती निर्माण केल्या ही एक, आणि त्यातल्या किती मधल्या खांबांतून गेल्या ही दुसरी. पहिली गोष्ट संघाची ताकद सांगते आणि पुढच्या आठवड्यातही बऱ्यापैकी टिकते. दुसरी फार लहरी असते. चेंडूच लांबट, वाऱ्यावर हेलकावे खाणारा. बोटभर इकडे-तिकडे झाला की सहाचा एक होतो.

१७ सप्टेंबर, रविवार

सगळ्यात साधं रूप आधी केलं. प्रत्येक संधी म्हणजे एक नाणेफेक: छाप पडला गोल, काटा पडला बिहाइंड. मग एका संधीची सरासरी किंमत साडेतीन गुण. दोन संघांच्या संधींत नऊचा फरक असेल तर अपेक्षित फरक साडेएकतीस गुणांचा.

हे जुन्या अंतिम सामन्यांवर लावून पाहिलं.

१९४८: एसेंडन ७.२७ (६९), मेलबर्न १०.९ (६९). चौतीस संधी विरुद्ध एकोणीस आणि तरी बरोबरी! नाणेफेकीच्या हिशेबात एसेंडनने साडेबावन्न गुणांनी पुढे असायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात सामना पुन्हा झाला आणि मेलबर्न ३९ गुणांनी जिंकलं. सत्तावीस बिहाइंडांची ती दुपार एसेंडनच्या घराघरांत किती वर्षं बोलली गेली असेल.

२०१२: हॉथॉर्न ११.१५ (८१), सिडनी १४.७ (९१). सव्वीस विरुद्ध एकवीस, तरी सिडनी.

२००८: जीलाँग ११.२३ (८९), हॉथॉर्न १८.७ (११५). इथे थबकले. जीलाँग त्या वर्षी साखळीत एकच सामना हरलं होतं. अंतिम सामन्यात त्यांच्या ३४ संधी, हॉथॉर्नच्या २५. नाणेफेकीने जीलाँग हरण्याची शक्यता शंभरात पाच, आणि २६ गुणांनी हरण्याची हजारात एखाद-दुसरी. नशीब इतकं फिरतं का? हजारात एक असं काही दिसलं की आधी आपली मोजणी तपासावी, असं कॉलेजात आमच्या बाई सांगायच्या. मोजणी तपासली. आकडे बरोबर आहेत. उत्तर सापडलं नाही, झोपायला एक वाजला.

१९ सप्टेंबर, मंगळवार

आज गणपती बसले. मूर्ती शाडूची, आरास घरातल्याच साड्यांची. संध्याकाळी शेजारचे आजोबा दर्शनाला आले. जन्माचे जीलाँगचे, पन्नास वर्षं सामने बघणारे. दोन मोदक खाऊन झाल्यावर मी त्यांच्यापुढे २००८ चा आकडा ठेवला. नाव घेताच त्यांचा चेहरा उतरला. पंधरा वर्षं झाली तरी.

म्हणाले, "आमच्या मूनीने मध्यंतराला अगदी समोरून चुकवला, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तू जे तेवीस म्हणतेस ना, ते सगळे आमचे नव्हतेच." आणि मला मागच्या अंगणात घेऊन गेले.

कपडे वाळत घालायच्या दोरीवर त्यांनी चार चिमटे लावले. मधले दोन जवळजवळ, बाहेरचे दोन जरा लांब. खिशातला रुमाल गोळा करून हातात धरला. "हा चेंडू. मी हॉथॉर्नचा बचाव खेळाडू. तुमचे लोक माझ्यावर धावून येतायत. मी काय करू? पायाने लांब मारायला गेलो आणि तुम्ही झेललात तर सहा गुण. त्यापेक्षा..." असं म्हणून ते स्वतःच मागे सरकत सरकत दोरीखालून पलीकडे गेले, बाहेरच्या चिमट्याच्या बाजूने. "एक गुण तुम्हाला. आणि खेळ परत सुरू करायचा तो माझ्याच पायाने, निवांत. एका गुणात मी माझी मान सोडवून घेतली."

अंधार पडत आला होता. वाळत घातलेल्या कपड्यांमधून हा सत्तरी ओलांडलेला माणूस रुमाल घेऊन तीनदा मागे गेला, मला नीट समजावं म्हणून.

ते गेल्यावर नोंदी काढल्या. तो सामना ज्यांनी पाहिला त्यांना हे तोंडपाठ आहे: जीलाँगच्या २३ बिहाइंडांपैकी ११ हॉथॉर्नच्या बचावातूनच रेषेपलीकडे गेलेले होते. डाव इतका उघड होता की २००९ पासून नियमच बदलला. दबाव नसताना मुद्दाम चेंडू पलीकडे नेला तर आता समोरच्या संघाला फ्री किक मिळते, तीही गोलच्या तोंडाशी.

हिशेब पुन्हा केला. ते ११ बाजूला ठेवले तर जीलाँगच्या स्वतःच्या संधी २३. नाणेफेकीने त्यांची सरासरी साडेऐंशी, वर ढकललेले ११, एकूण साडेएक्क्याण्णव. हॉथॉर्न साडेसत्त्याऐंशी. म्हणजे अपेक्षित फरक जेमतेम चार गुण. असा सामना २६ ने हरण्याची शक्यता शंभरात चार. हजारातल्या एखाद-दुसऱ्यावरून शंभरातल्या चारवर आलो. ज्याला मी नशीब समजत होते त्यातला मोठा भाग समोरच्या संघाचा विचार होता, आणि माझ्या रकान्यात तो 'संधी' म्हणून मांडला गेला होता.

ढकललेले बिहाइंड वेगळ्या रकान्यात. रात्री साडेबाराला दुसरं मॉडेल नव्याने चालवलं. नाणेफेकही गेली, आता प्रत्येक संघाची त्या वर्षाची अचूकता घेते, पण ती सगळ्यांच्या सरासरीकडे बरीच ओढून.

२४ सप्टेंबर, रविवार

अंतिम सामना ठरला: कॉलिंगवूड विरुद्ध ब्रिस्बेन. पहिला विरुद्ध दुसरा.

शुक्रवारी कॉलिंगवूड ८.१० (५८), जीडब्ल्यूएस ८.९ (५७). एका गुणाने. काल गॅबावर कार्लटनने पहिले पाच गोल सलग मारले आणि तरी ब्रिस्बेन ११.१३ (७९) विरुद्ध ९.९ (६३) असं जिंकलं.

ऑफिसात एकच विषय: कॉलिंगवूडला अटीतटीचे सामने जिंकायची कला साधलीय का? बाद फेरीत सात गुणांनी, मग एका गुणाने. गेल्या वर्षीही एकापाठोपाठ एक निसटते विजय. पण गेल्या वर्षीच्या उपांत्य सामन्यात सिडनीकडून हाच संघ एका गुणाने हरला होता, ते कुणी बोलत नाही. निसटत्या विजयांना मी वेगळं वजन देऊन पाहिलं आणि २००० नंतरच्या सामन्यांवर ताडून पाहिलं. अंदाज सुधारला नाही. वजन काढून टाकलं. प्रशिक्षक क्रेग मॅकरे शेवटच्या मिनिटांचा सराव करून घेतात हे मला ठाऊक आहे, आणि त्याने थोडा फरक पडतही असेल. माझ्याकडच्या माहितीत तो दिसण्याइतका मोठा नाही.

बाबांचा फोन आला. "एका गुणाने जिंकले म्हणजे मनाने खंबीर, लिहून घे," म्हणाले. क्रिकेट बघतानाही त्यांचं हेच असतं. त्यांना सिडनीचा तो सामना सांगितला. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग मोजतेस काय तू?"

२६ सप्टेंबर, मंगळवार

काल हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक ब्रिस्बेनच्या लॅकी नीलला मिळालं, ३१ मतांनी. कॉलिंगवूडचा निक डेकॉस २८ वर. दोघंही शनिवारी मैदानात असतील.

आज एक मोह झाला, तो नोंदवते. एलोत के नावाचा एक आकडा असतो: एका सामन्याने मानांकन किती हलावं, ते ठरवणारा. तो वाढवला की २०१६ चा निकाल माझ्या मॉडेलला बरोबर येतो. त्या वर्षी वेस्टर्न बुलडॉग्ज सातव्या क्रमांकावरून येऊन जिंकले, १९५४ नंतर पहिल्यांदा. पर्थला जाऊन वेस्ट कोस्टला ४७ ने हरवलं, मग हॉथॉर्न, मग जीडब्ल्यूएसला सहा गुणांनी, आणि शेवटी सिडनी. जो संघ चार आठवड्यांत असा पेटतो त्याला वेगाने वर नेणारं मॉडेल हवं असं वाटणं साहजिक आहे. पण २००० पासून २०२२ पर्यंत अंतिम सामने झाले किती? २०१० ची बरोबरी आणि पुन्हा झालेला सामना धरून चोवीस. चोवीस निकालांवर आकडा बसवणं म्हणजे पाठीमागची उत्तरं बघून गणितं सोडवणं. के साखळी सामन्यांवरून ठरला होता, तिथेच ठेवला.

दुसरा मोह समोरासमोरच्या निकालांचा. यंदा ब्रिस्बेनने कॉलिंगवूडला दोनदा हरवलंय, एप्रिलमध्ये गॅबावर ३३ ने आणि ऑगस्टमध्ये मार्व्हलवर २४ ने. ऐकायला भारी वाटतं. पहिला सामना ब्रिस्बेनच्या घरी होता. दुसऱ्यात डेकॉस गुडघ्यामुळे बाहेर होता. हे दोन्ही सामने मानांकनांत आधीच जिरलेले आहेत; वरून पुन्हा मोजले तर एकाच पावसाचं पाणी दोन हंड्यांत दाखवल्यासारखं होईल.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

काल विसर्जन झालं, बादलीत. आज व्हिक्टोरियात अंतिम सामन्याची सार्वजनिक सुट्टी. शहरभर कॉलिंगवूडचे काळे-पांढरे मफलर.

शेवटच्या दुरुस्त्या. कॉलिंगवूडचा डॅन मॅकस्टे गुडघ्याच्या दुखापतीमुळे नाही. गेल्या वर्षीपर्यंत तो ब्रिस्बेनकडूनच खेळायचा, आणि नेमका हा सामना त्याच्या हातून गेला याचं मला खरंच वाईट वाटलं. त्याच्यासाठी कॉलिंगवूडचा थोडा गुण कमी केला. उद्या ऊन कडक आहे, सप्टेंबरच्या मानाने फारच. उकाड्यात ब्रिस्बेनला फायदा, असं सगळे म्हणतायत. माझ्याकडे त्याचा पुरावा नाही, म्हणून काही केलं नाही.

एलो म्हणतं कॉलिंगवूड ५८ टक्के. संधींचं मॉडेल म्हणतं ५४. मधला आकडा घेतला.

कॉलिंगवूड ५६ टक्के. अपेक्षित फरक पाच गुण, आणि त्या पाचाभोवती दोन्ही बाजूंना ३६ गुणांचा पसारा. बरोबरीची शक्यता आता धरावी लागत नाही, कारण अंतिम सामन्यातही जादा वेळ असतो. पुन्हा सामना खेळवायची पद्धत २०१६ पासून बंद झाली.

रात्री ९.४० ला फाइल बंद केली. मग बाबांना फोन. "छप्पन्न?" म्हणाले. "एवढा महिनाभर राबून छप्पन्न?" त्यांना सांगितलं, बाबा, हे दोन संघ खरोखरच इतके जवळ आहेत. सत्तर लिहिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, पण ते खोटं झालं असतं.

३० सप्टेंबर, शनिवार, रात्री

कॉलिंगवूड १२.१८ (९०), ब्रिस्बेन १३.८ (८६).

सामना आजोबांकडे पाहिला. एमसीजीवर १,००,०२४ माणसं. अडीचला सुरू झाला आणि पहिल्या मिनिटापासून एकाही संघाने दुसऱ्याला दूर जाऊ दिलं नाही. कॉलिंगवूडचा नेथन मर्फी डोक्याला मार लागून लवकरच बाहेर गेला. बॉबी हिलने चार गोल मारले आणि दुसऱ्या भागात समोरच्याच्या पाठीवर चढून असा झेल घेतला की आजोबा जीलाँगचे असूनही खुर्चीतून उठले. अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक हिललाच मिळालं.

शेवटची सहा मिनिटं हात थरथरत वहीत लिहिलीत, तशीच उतरवते. चार्ली कॅमरनचा गोल, ब्रिस्बेन पुढे. लगेच डी गोई, लांबून, कॉलिंगवूड पुढे. मग साइडबॉटम, ५० मीटरच्या कमानीबाहेरून; गोल पंचाने दोन्ही बोटं समोर केली, मग दोन पांढरी निशाणं उचलून डोक्यावरून फिरवली. दहा गुण. दीड मिनिट उरलेलं असताना डॅनिहरचा गोल. चार गुण. आणि मग नुसती झोंबाझोंबी, भोंगा वाजेपर्यंत.

ब्रिस्बेनने गोल जास्त मारले आणि सामना हरला. ओळ पुन्हा वाचली तेव्हा पेन तिथेच थांबलं. तीस संधी विरुद्ध एकवीस. फरक नऊचा. २००८ मध्येही नऊचाच होता, चौतीस विरुद्ध पंचवीस. तेव्हा नऊ संधी जास्त असलेला संघ २६ ने हरला, आज चार गुणांनी जिंकला. मी आजोबांना वही दाखवली. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही ओळींवर बोट फिरवलं, मग म्हणाले, "यातले ढकललेले किती, ते बघितलंस का?"

२ ऑक्टोबर, सोमवार

गुण: छप्पन्न टक्क्यांना ०.१६. उलट झालं असतं तर उणे ०.१८. दोन्ही बाजूंना इतकंच, कारण दावाच तितका होता.

ऑफिसात कुणीतरी म्हणालं, पाच गुणांचा अंदाज आणि फरक चारचा, काय कमाल! हे मान्य करता येत नाही. पसारा ३६ गुणांचा आहे. चाळीस गुणांनी निकाल लागला असता तरी माझ्या मॉडेलला त्यात नवल वाटलं नसतं. साइडबॉटमचा चेंडू हातभर बाजूने गेला असता तर तोच गोल बिहाइंड झाला असता, पाच गुण गेले असते आणि डॅनिहरनंतर ब्रिस्बेन एकाने पुढे असतं. माझं मॉडेल तेव्हाही अगदी आत्ता आहे तितकंच बरं-वाईट असतं.

कॉलिंगवूडचं हे सोळावं विजेतेपद, कार्लटन आणि एसेंडनच्या बरोबरीचं. बाद फेरीतले तिन्ही विजय मिळून फरक बारा गुणांचा: सात, एक, चार. दोन गोलांत सगळी मोहीम मावली.

साधी नाणेफेक शनिवारच्या तीस-एकवीसवर लावली तर कॉलिंगवूड शंभरात शहाण्णव वेळा जिंकतं, सरासरी साडेएकतीस गुणांनी. म्हणजे एकतर कॉलिंगवूडने फार वाईट मारलं, किंवा ब्रिस्बेनने फार चांगलं, किंवा अठरांतले बरेच बिहाइंड ब्रिस्बेननेच देऊन टाकले. आजोबांचा प्रश्न तोच आहे. संधी कुठून घेतल्या, किती तिरक्या कोनातून, हेही बघायला हवं. कडेच्या रेषेवरून मारलेला आणि समोर तीस मीटरवरून मारलेला एकाच रकान्यात ठेवून चालणार नाही.

संध्याकाळी सामन्याची चित्रफीत पहिल्या मिनिटापासून लावली. कागदावर चार उभ्या रेघा काढल्यात, दोन उंच, दोन आखूड. प्रत्येक बिहाइंडची खूण करतेय: कुठून आला, कुणी नेला. पहिला भाग झाला, तीन बाकी आहेत.